वाचकांचे प्रश्न : साखळीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट

उन्हाळा तोंडावर आला की इंजिन तापण्याची पत्रं वाढतात. या वेळची निम्मी पत्रं हेड गॅस्केटची आहेत, आणि त्यातलीही बरीचशी क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडायला टायमिंग बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनांची. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : माझी एक लिटरची, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. १ लाख १० हजार किलोमीटर झाले. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात काटा वर चढतो. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी होतं, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. ऑइल स्वच्छ आहे. गॅरेजवाले म्हणतात गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल. खात्री कशी करायची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट शाबूत आहे असं समजू नका. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यातलं हेड गॅस्केट तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवतं : सिलिंडरातला स्फोट, पाणी आणि ऑइल. पाणी ऑइलमध्ये गेलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. पण गळती सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये असेल तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. तुमच्या वर्णनावरून गळती याच जातीची असावी. उलटही लक्षात ठेवा. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली की लगेच घाबरू नका. थंडीत रोज दोन-दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल पाहा, ते खरं सांगतं.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण लावा, इंजिन सुरू करा आणि वरचा जाड होज पाइप हातात धरून ठेवा. पाणी तापून दाब तयार व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. पाइप अजून थंड आहे आणि तरीही मिनिट-दीड मिनिटात दगडासारखा टणक झाला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरातल्या गॅसचा आहे. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीही नाही.

दुसरी तपासणी निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवून आतली हवा या द्रवातून ओढतात. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट होत पिवळा पडतो. त्याआधी रेडिएटरमधलं पाणी दोन-तीन बोटं कमी करा, नाहीतर कूलंटच नळीत चढतं आणि रंगाला काही अर्थ उरत नाही.

तिसरी तपासणी हातपंपाची, आणि कमी पाझरणाऱ्या गॅस्केटला हीच पकडते. झाकणावर जो दाब छापलेला असतो (बहुतेक गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार) तेवढा दाब संध्याकाळी भरून ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल तर स्पार्क प्लग काढा. एखादा ओला निघेल. छोटा कॅमेरा आत सोडला तर दोन पिस्टनांचे माथे काळेकुट्ट आणि एकाचा घासून धुतल्यासारखा लख्ख दिसेल. त्या सिलिंडरात पाणी जाऊन वाफ होते आहे आणि ती वाफच काजळी धुऊन काढते आहे. घरबसल्या मिळणारा याहून स्पष्ट पुरावा नाही.

कम्प्रेशनही मोजून घ्या. पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) यायला हवं. सगळे सिलिंडर थोडे कमी असले तर ती झीज म्हणायची. पण शेजारशेजारचे दोनच एकदम पडले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीत जळलं आहे.

हेड उतरवायला होकार देण्याआधी तीन ठिकाणं बघा : डाव्या सीटसमोरचं कारपेट ओलं आहे का (हीटरची जाळी गळत असेल), पाण्याच्या पंपाच्या शाफ्टखाली कूलंटचे वाळलेले ओघळ आहेत का, आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलं आहे का. घट्ट न बसणारं झाकण चढावर गुपचूप पाणी बाहेर टाकतं आणि खालची फरशी कोरडी राहते.

प्रश्न : माझं छोटं गॅरेज आहे. आजवर बेल्टच्या गाड्यांची हेड पुष्कळ उतरवली, साखळीचं इंजिन पहिल्यांदाच आलं आहे. पुढचं कव्हर न खोलता, साखळी वायरने वर बांधून हेड काढता येईल का? एका मित्राने तसं केलं म्हणतो. एकूण क्रमही सांगावा.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बांधून काढता येतं अशी इंजिनं आहेत. पण मारुतीचं के-सिरीज किंवा ह्युंदाईचं कप्पा अशा, इथे रोज दिसणाऱ्या इंजिनांत तो मार्ग धरू नका. बेल्ट बाहेर कोरडा फिरतो. साखळी ऑइलमध्ये फिरते, म्हणून तिच्यावरचं कव्हर हेड आणि ब्लॉक दोघांनाही बोल्टने आवळलेलं आणि लिक्विड सीलंटने चिकटवलेलं असतं. त्याचा उभा सांधा हेड गॅस्केटची आडवी रेघ ओलांडून जातो. कव्हर जागेवर ठेवून हेड उपसलं की तिथलं सीलंट फाटतं, आणि त्या चौकात आतून नवं भरायला जागा नसते. महिनाभरात पुली ऑइलने माखलेली दिसेल.

दुसरी गोम साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरची. त्यातला दट्ट्या दातेरी असतो : साखळी सैल पडली की एक-एक दात पुढे सरकतो, मागे येत नाही. साखळी वायरला लटकवली तेवढ्यात तो पूर्ण बाहेर येतो. मग हेड परत बसवल्यावर स्प्रॉकेट (कॅमचं दातेरी चाक) साखळीत जातच नाही, आणि टेन्शनर कव्हरच्या आत असल्यामुळे शेवटी कव्हर खोलावंच लागतं. आता क्रम.

इंजिन थंड म्हणजे रात्रभर थंड. बॅटरी सोडा. त्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. कूलंट काढा आणि ऑइलही आत्ताच काढा, कारण हेड उचलताना थोडं पाणी चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या पात्रात) जातंच. सायलेन्सर मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं असेल तर स्टड तुटण्याचा ताप वाचतो. उजवं पुढचं चाक आणि आतला प्लॅस्टिकचा पडदा काढा. चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोला आणि मगच त्या बाजूचं माउंटिंग सोडा.

क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवून पहिला सिलिंडर कम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणा. क्रँक पुलीची खूण शून्यावर आणि दोन्ही कॅम स्प्रॉकेटच्या खुणा पुस्तकात दाखवल्याप्रमाणे यायला हव्यात. नवखा मेकॅनिक इथे हमखास गोंधळतो : स्प्रॉकेटच्या खुणा जुळलेल्या असतात, पण साखळीच्या रंगीत कड्या भलतीकडेच कुठेतरी असतात. यात काही चुकलेलं नाही. साखळीच्या कड्यांची संख्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचा मेळ असा असतो की रंगीत कड्या पुन्हा खुणांवर यायला कितीतरी फेरे जावे लागतात. त्या कड्या फक्त जोडताना कामाच्या. खोलताना स्वतःच्या रंगाने खुणा करा आणि मोबाइलवर सरळ समोरून फोटो घ्या. तिरक्या फोटोत एक दात इकडचा तिकडे दिसतो.

पुली काढा, कव्हरचे बोल्ट काढा. ते कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर अॅल्युमिनियमचा आटा गेलाच. चेंबरचे पुढचे काही बोल्टही कव्हरमध्येच जातात, ते विसरून पटाशीने कव्हर उचकटू नका. काही इंजिनांत ऑइल पंप याच कव्हरमध्ये असतो. जोडताना त्यात थोडं ताजं ऑइल भरायचं.

कव्हर निघालं की आधी टेन्शनरचा दट्ट्या आत दाबून त्याच्या भोकात दीड-दोन मिलिमीटरची तार किंवा पिन घाला. मग टेन्शनर, गाइड आणि शेवटी साखळी. साखळी निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवायचा नाही. या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात. कॅम सोडण्याआधी पिस्टन वरच्या टोकापासून दूर न्या. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक ९० अंश फिरवला की चारही पिस्टन मधोमध येतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात मात्र ९० अंश फिरवू नका. तिथे क्रँकचे खटके १२० अंशांवर असतात, त्यामुळे ९० अंशांवर एक पिस्टन टोकापासून जेमतेम ३० अंशांवर येऊन थांबतो. तीन सिलिंडरला ६० अंश, म्हणजे सगळे पिस्टन टोकापासून किमान ६० अंश दूर राहतात. साखळी चढवण्याआधी क्रँक आला त्याच वाटेने मागे न्यायचा.

कॅमच्या टोप्या बाहेरून आत, थोड्या थोड्या करत सोडा. कॅमखालचे टॅपेट ज्याच्या त्याच्या जागी जायला हवेत, म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवा. हेडचे बोल्टही बाहेरून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत. हेड चिकटलं असेल तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालू नका. बाजूला दिलेल्या ओठावर लाकूड ठेवून हलवा.

सफाईवर तासभर जास्त गेला तरी चालेल. ड्रिलला लावायची खरखरीत चकती अॅल्युमिनियमवर अजिबात वापरू नका. ती गॅस्केटबरोबर धातूही खाते, वाटीसारखे खळगे पाडते, आणि तिची भुकटी ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर, धार बोथट केलेली पट्टी आणि थिनर एवढं पुरतं. ब्लॉकमधली बोल्टची भोकं चिंधी धरून हवेने कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं. टॉर्क पाना भरल्याचं सांगतो, बोल्ट मात्र हेड दाबतच नसतो, आणि दाब वाढला तर ब्लॉकच तडकतो.

मग सरळ पट्टी आणि फिलर गेज. हेडच्या लांबीत दोन ठिकाणी, रुंदीत दोन ठिकाणी आणि दोन्ही कर्णांवर. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेही पट्टीखालून सरकली तर हेड मशीनवर जाईल. हीच पट्टी ब्लॉकवरही फिरवा. बरेच जण हेड मापतात आणि ब्लॉककडे बघतही नाहीत.

नवं गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या थरांचं असेल तर ते कोरडंच बसतं. ग्रीस नाही, अॅनाबॉन्डसारखं सीलंट नाही. त्याच्यावरचा पातळ लेपच त्याचं सील. पुढे ऑइल वर चढवणारं एक छोटं भोक असतं, ते ब्लॉकच्या भोकावर आलं का ते पाहा. गॅस्केट उलटं बसलं तर ते भोक झाकलं जातं आणि कॅमला ऑइल पोचत नाही.

बोल्ट नवे घ्या. अंशांत आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात द्या. आवळणी मध्यापासून बाहेर, पायऱ्यापायऱ्यांनी. नमुना साधारण असा असतो : आधी २० न्यूटन मीटर, मग ४०, मग ६० अंश आणि पुन्हा ६० अंश. आकडे मात्र तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातलेच घ्या, शेजारच्या गाडीचे चालणार नाहीत. अंश कशासाठी, तर पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. घर्षण थोडं बदललं की आकडा तोच राहून पकड बदलते. अंशांत फिरवलं की बोल्ट किती ताणला गेला ते नक्की ठरतं. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला की कुठला राहिला ते लगेच दिसतं.

साखळी चढवताना रंगीत कड्या तिन्ही खुणांवर आणा, गाइड आणि टेन्शनर बसवा, मग पिन ओढा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणजे स्प्रॉकेटच्या खुणा परत जागेवर यायला हव्यात (कड्या येणार नाहीत, वर सांगितलंच). मध्येच कुठे टक्कन अडलं तर पान्यावर जोर देऊ नका. व्हॉल्व्ह अडला आहे, मागे या. कव्हरला सीलंटची साधारण ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ द्या, आणि हेड, गॅस्केट, ब्लॉक जिथे एकत्र येतात त्या दोन्ही चौकांत एक-एक जादा थेंब. पाच-दहा मिनिटांत कव्हर लावून आवळा. क्रँकचं पुढचं ऑइल सील नवंच घाला. ऑइल दुसऱ्या दिवशी भरलंत तर उत्तम.

हेड मशीनवर जाणार असेल तर गाडीमालकाला तीन दिवसांचा वायदा करा.

प्रश्न : लेथवाला म्हणतो हेडला फेसिंग मारावंच (घासून सपाट करावंच) लागेल, दुसरा मेकॅनिक म्हणतो गरज नाही. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पट्टी आणि पातीचं ऐका. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल आणि पृष्ठभागावर गंजाचे खड्डे नसतील तर नुसती सफाई पुरे. बाहेर असेल तर लागेल तेवढंच काढा. 'एक हात मारून घेऊ' असं म्हणत दर वेळी पाव मिलिमीटर घालवलं तर कम्प्रेशन वाढतं, पेट्रोल इंजिन चढावर ठोकायला लागतं, आणि कॅम क्रँकच्या जवळ येतो. तो जवळ आला की साखळीची ताणलेली बाजू तेवढी आखूड होते आणि कॅम मागे पडतो. ०.३ मिलिमीटर काढलं आणि स्प्रॉकेटची त्रिज्या ४५ मिलिमीटर धरली तर क्रँकच्या मापात साधारण पाऊण अंश. तेवढ्याने गाडी अडत नाही, पण दोनदा-तीनदा फेसिंग झालेल्या आणि साखळी ताणलेल्या इंजिनात हे सगळं एकावर एक चढतं.

लेथवाल्याला विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे. तापून हेड वाकतं तेव्हा ते केळ्यासारखं सगळंच वाकतं. फेसिंगने खालची बाजू सपाट होते, वर कॅम ज्या खाचांत फिरतो त्यांची ओळ वाकडीच राहते. म्हणून फेसिंगनंतर टॅपेट न घालता नुसता कॅम ठेवा, टोप्या टॉर्कवर आवळा आणि बोटांनी फिरवून पाहा. अडखळत असेल तर ते हेड परत करा. ते बसवलंत तर कॅम जाम होईल किंवा तुटेल, आणि दोष साखळीवर येईल. व्हॉल्व्हच्या दोन सीटांमधल्या पट्टीत चीर आहे का तेही गरम पाण्यात हवेचा दाब देऊन बघायला सांगा. थंड हेडमध्ये अशी चीर मिटलेली असते.

प्रश्न : १.३ लिटर मल्टिजेट डिझेल. आंबोलीच्या घाटात होज फाटला, तरी दोन-तीन किलोमीटर चालवली. आता हेड उतरवलं आहे. दुकानदाराकडे एकाच इंजिनाची वेगवेगळ्या खाचांची गॅस्केट आहेत. हेडला फेसिंग मारलं म्हणून जाड घ्यावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १२४८ सीसीचं हे इंजिन आपल्याकडे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत आलं, पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. त्यामुळे सुटे भाग मुबलक आहेत आणि चुकीचं गॅस्केट घेणंही तितकंच सोपं आहे. खाचा जाडी सांगतात. जाडी हेडवरून ठरत नाही, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून ठरते. डायल गेज ब्लॉकवर शून्य करा, प्रत्येक पिस्टन टीडीसीला आणून पिनच्या रेषेत दोन्ही कडांवर मापा. चारांतला सर्वांत मोठा आकडा धरून पुस्तकातल्या तक्त्यातली जाडी निवडा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि ब्लॉक यांना हात लावला नसेल तर जुन्या गॅस्केटवर जितक्या खाचा तितक्याच नव्यावर.

डिझेल हेड खालून सपाट असतं, जळण्याची वाटी पिस्टनमध्ये असते. त्यामुळे हेड घासल्याने कम्प्रेशन फारसं बदलत नाही, पण व्हॉल्व्ह पिस्टनच्या दिशेने खाली येतात. म्हणूनच कित्येक डिझेल हेडना फेसिंगची परवानगीच नसते. किती घासलं ते लेथवाल्याकडून आकड्यात घ्या आणि व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपेक्षा किती आत आहेत ते मापा. कमी भरले तर सीट खोल करून घ्यायच्या. जाड गॅस्केटने ते झाकलंत तर गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरेल. काही कंपन्या दुरुस्तीसाठी मुद्दाम जाड गॅस्केट देतात, तसं तुमच्या तक्त्यात असेल तरच ते घ्या.

तुमचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. ८० अंशांनी तापलं की ४० सेंटिमीटर लांबीचं अॅल्युमिनियम सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं, बीड त्याच्या निम्मंच. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापताना हेड गॅस्केटवर घसरतं. खरखरीत फेसिंगवर हे घसरणं गॅस्केटचा लेप सोलून काढतं. लेथवाल्याला एवढं सांगितलं तरी तो शेवटचा हात बारीक मारेल.

टायमिंगसाठी रंगाच्या खुणांवर विसंबू नका. या इंजिनात कॅमचं स्प्रॉकेट चावीने अडकलेलं नसतं, बोल्टच्या पकडीवर असतं. कॅम आणि फ्लायव्हील पिनांनी लॉक करूनच बोल्ट आवळायचा. पिना भाड्याने मिळतात. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. आणि चढावर गाडी नुसती गिअरमध्ये ठेवून उभी करू नका, हँडब्रेक लावा : इंजिन बंद असताना टेन्शनरला ऑइलचा दाब नसतो, गाडी मागे घसरून क्रँक उलटा फिरला तर झिजलेली साखळी दात सोडू शकते.

प्रश्न : रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते, हे गॅस्केटलाही चालेल का? आमच्याकडे बोअरचं पाणी भरतात.
— एक वाचक, बीड

उत्तर : हळद रेडिएटरच्या केसाएवढ्या भोकात फुगून अडकते, म्हणून थेंब थांबतो. सिलिंडरात जळताना दाब ५० बारच्या पुढेमागे जातो, त्यापुढे हळद काय टिकणार? ती हीटरच्या जाळीत आणि थर्मोस्टॅटवर मात्र टिकते. बाटलीतल्या तयार औषधांचंही बव्हंशी तेच. बोअरच्या जड पाण्याचा क्षार सगळ्यात आधी जिथे धातू सर्वांत तापतो तिथे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूच्या व्हॉल्व्हभोवती बसतो, आणि पाण्यात गंजरोधक नसल्याने गॅस्केटच्या पाण्याच्या भोकांभोवतीचं अॅल्युमिनियम खात जातो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि ग्लायकॉल कूलंट निम्मं-निम्मं. लहान गाडीला सगळं मिळून ४ ते ६ लिटर लागतं.

प्रश्न : गॅस्केट बदलून आणलं. सुरू करताना पुढून खडखड येते, चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड पी००१६. मेकॅनिक म्हणतो चालवा, बसेल आपोआप. बोल्टही ५०० किलोमीटरनंतर परत आवळायचे म्हणतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालवू नका. हा कोड सांगतो की क्रँक आणि कॅमचे सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. दुरुस्तीआधी तो नसेल तर साखळी एका दाताने चुकली असण्याचीच शक्यता जास्त. कॅम स्प्रॉकेटला ३६ दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. टॅपेट कव्हर काढून खुणा पाहायला अर्धा तास पुरतो.

खडखड वेगळी मोजा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना दोन-तीन सेकंद आली तर ती रिकाम्या टेन्शनरची. फ्युएल फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला असता तर तीही आली नसती. रोज सकाळी येत असेल तर टेन्शनर संपला आहे, नाहीतर त्याची पिनच आत राहून गेली आहे. होतं असं.

अंशांत आवळलेले बोल्ट परत आवळायचे नसतात. ५०० किलोमीटरवर बदलायचं ते ऑइल आणि फिल्टर, कारण हेड उचलताना सांडलेलं पाणी आणि सीलंटचे तुकडे त्यात असतात. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, होज दाबत राहा, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा. दुसऱ्या सकाळी पातळी पुन्हा बघा.

आणि जुनं गॅस्केट मेकॅनिककडून मागून घ्या. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत काळा जळका पट्टा असेल तर इंजिन बेफाम तापलं होतं : पंख्याची रिले, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप यातलं काहीतरी गेलेलं आहे आणि तुमच्या बिलात ते दिसायला हवं. पाण्याच्या भोकांभोवती गंजून चाळण झाली असेल तर दोष साध्या पाण्याचा. पट्टा कुठेच नाही, पण एका कोपऱ्यात ठसा फिका उमटला असेल, तर तिथला बोल्ट मागच्या वेळी नीट आवळलाच नव्हता.